मी त्या अर्जावर सही केली (विशेष गरजा असलेली मुलं, नेहमीची शाळा आणि आपण पालक)

ऊनसावली

इथे चार वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी तिसरीत आहे. या वर्षी तिच्या वर्गात एक नवीन मुलगा आलाय, त्याला ऑटिझम आहे. बोलतो पण फार थोडं, आणि तास संपल्याची घंटा झाली की दोन्ही कान दाबून जोरात ओरडतो, कधी बेंचखाली जाऊन बसतो. मागच्या महिन्यात अशाच वेळी त्याने शेजारच्या मुलाला ढकललं आणि त्या मुलाचं कोपर चांगलंच सोलपटलं. त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं, आधी काळजी, मग राग, मग "आपली मुलं काय प्रयोगासाठी आहेत का" वगैरे, आणि तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज तयार. "सदर विद्यार्थ्यास त्याच्या गरजांनुसार योग्य अशा शाळेत प्रवेश घेण्यास सांगावे." ३७ मुलांचा वर्ग, २९ सह्या. सतरावी माझी.

का केली ते प्रामाणिकपणे सांगते. ज्या मुलाला लागलं त्याची आई माझी मैत्रीण आहे, तिला नाही म्हणवेना. आणि मलाही भीती वाटलीच होती, उद्या माझ्या मुलीला लागलं तर? शिवाय मनात असंही होतं की यात त्या मुलाचंच भलं आहे, तिकडे त्याला समजून घेणारी माणसं असतील. हे शेवटचं कारण मी रोज स्वतःला सांगते आणि रोज ते थोडं कमी पटतं.

परवा रात्री मुलीला सहज विचारलं, तो तुला त्रास देतो का गं? ती म्हणाली, "नाही. पण त्याला खिडकीजवळ का बसवलंय? घंटा तिथेच आहे ना."

महिनाभर आम्ही इतकी मोठी माणसं बोलतोय आणि घंटा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

अशा मुलांनी नेहमीच्या शाळेत असावं का, तुम्हाला पालक म्हणून खरंच काय वाटतं? दोन्हीकडच्या पालकांनी लिहा, आणि गोड बोलू नका. अर्ज अजून दिलेला नाही, सोमवारी देणार आहेत.

पारवा

सही केलीत ते इथे येऊन लिहिलंत हे सोपं नाही. आम्हीही एका अशाच मेसेजवर नुसता अंगठा टाकला होता, वाचलाही नव्हता नीट. वाचतोय.

काजव्याची_आई

ऊनसावली, तुमचा धागा वाचून मोबाईल बाजूला ठेवला, अर्ध्या तासाने परत उचलला. मी त्या अर्जाच्या दुसऱ्या बाजूची आई आहे. म्हणजे तुमच्या वर्गातली नाही, पण माझा मुलगा दुसरीत असताना त्याच्याबद्दलही असाच अर्ज झाला होता. मला शाळेत बोलावून वाचून दाखवला. तेव्हा कळलं की वर्गाचे ग्रुप दोन होते, एक मी असलेला, त्यात गृहपाठ आणि वाढदिवसाचे फोटो यायचे, आणि एक मी नसलेला. ज्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला आम्ही गेलो होतो त्यांचीही सही होती खाली.

पण गोड बोलू नका म्हणालात म्हणून हेही लिहिते. नेहमीच्या शाळेला घरात सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. नवरा म्हणत होता घालूया, मी दोन वर्षं अडवून धरलं. लोकांना वाटतं आम्ही हट्टाने मुलाला घुसवतो. थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर एक दिवस येऊन बसा, तिथे कितीतरी पालक भेदरलेले असतात. चिडवतील, मारतील, आणि याला घरी येऊन सांगता येणार नाही. बोलता न येणाऱ्या मुलाला शाळेत सोडणं म्हणजे संध्याकाळी त्याच्या दंडावरचा वळ बघून आज काय झालं असेल त्याचा आपणच अंदाज करायचा. स्पेशल शाळेत निदान सगळे सारखे असतात, कोणी बघत राहत नाही, हे माझंही म्हणणं होतं. मग लक्षात आलं की ती सोय माझ्या मनाची होती, त्याला तर मोठ्या मुलांच्या घोळक्यात, खेळाच्या तासाला कडेकडेने पळायला आवडतं.

घंटेबद्दल. ऑटिझमच्या निदानाचे जे निकष डॉक्टर वापरतात, त्यात २०१३ पासून आवाज, उजेड, स्पर्श यांची जास्त किंवा कमी संवेदना हा मुद्दा आलाय, पूर्वी नव्हता. म्हणजे तो ओरडतो ते हट्ट म्हणून नाही, आणि लाड केले म्हणूनही नाही. हट्ट करणारं मूल मधूनमधून बघतं आपल्याकडे कोणी लक्ष देतंय का. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन ताबा सुटलेला असताना, मुलाला पुष्कळदा समोर कोण आहे हेही कळत नसतं, त्यात हात कोणाला लागला ते त्यालाच नंतर माहीत नसतं. ज्या बाळाचं कोपर सोलपटलं त्याला लागलंच, ते मी कमी लेखत नाही.

सरळरेघ

माझं मत इथे बहुतेकांना आवडणार नाही पण लिहितो. माझ्या मुलाच्या वर्गात असं मूल होतं, एका वर्षात माझा मुलगा तीन वेळा चावून घेऊन घरी आला. तिन्ही वेळा शाळेचं उत्तर एकच, समजून घ्या. घेतलं की समजून. पण माझा सात वर्षांचा पोरगा झोपेत दचकून उठायचा, सकाळी पोट दुखतं म्हणून रडायचा, त्याला कोणी समजून घेतलं नाही. बाईंचा निम्मा तास त्या एका मुलामागे जायचा आणि बाकी चाळीस मुलं वही उघडून बसलेली. मी त्या मुलाच्या विरोधात नाही, त्याच्या आईवडिलांचे हाल दिसत होते मला. पण ज्या शाळेकडे ना स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक) ना मदतनीस, तिने प्रवेश द्यायचा, आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे म्हणून सांगायचं, आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजायची हे मला मान्य नाही. यात चुकीचं काय आहे ते कोणीतरी सांगा.

फळाखडू

सरळरेघ, मी १९ वर्षं प्राथमिकला शिकवते आणि तुमचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. फक्त तुम्ही ज्याला समावेशक शिक्षण समजून विरोध करताय ते समावेशक शिक्षण नव्हतंच. मूल आणून वर्गात बसवलं आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, तर मुलाने शाळेप्रमाणे बदलायचं असा त्याचा अर्थ होतो. समावेशक म्हणजे शाळेने मुलाप्रमाणे बदलायचं. १९९४ च्या जूनमध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले होते, तिथल्या जाहीरनाम्यातला मुख्य मुद्दा हाच. तीस वर्षं होऊन गेली आणि अजून आपण प्रवेश दिला म्हणजे झालं इथेच अडकलोय.

इटलीने हे फार आधी केलं. १९७७ च्या कायद्याने तिथले वेगळे वर्ग बंद झाले, पण त्याच कायद्यात असंही होतं की ज्या वर्गात अपंगत्व असलेलं मूल आहे त्या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नकोत. आणि तिथला सहाय्यक शिक्षक कागदावर त्या एका मुलाचा नसतो, सगळ्या वर्गाचा असतो. आता चाळीस मुलं आणि एक बाई याच्याशी तुलना करा. तिथेही सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही, पण त्यांनी निदान दोन्ही गोष्टी एका वेळी लिहिल्या.

अभ्यास मागे पडतो का, हे पालक मला दर पीटीएमला विचारतात म्हणून मी शोधून वाचलं होतं. २००७ साली इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी आधीचे अभ्यास तपासले, त्यातले ८१ टक्के निष्कर्ष असे होते की बाकीच्या मुलांवर चांगला परिणाम झाला किंवा काहीच फरक पडला नाही. २०१७ मध्ये ४७ अभ्यास एकत्र करून पाहिलं तर बाकीच्या मुलांना थोडासा फायदाच दिसला, फार नाही, थोडासा. हे आकडे पुढे केले म्हणून तुमचा मुलगा दचकायचा थांबला नसता हे मला कळतं. सरासरीत तुमचं घर दिसत नाही.

माझ्या वर्गात काय झालं तेही सांगते. एका वर्षी ४२ मुलं होती, त्यात एक ऑटिझम आणि एक एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही), आणि मला यातलं शून्य माहीत. ते वर्ष माझं वाईट गेलं, त्या दोघांचंही आणि बाकीच्या चाळिसांचंही. मी त्या मुलाला सगळ्यात मागे बसवलं होतं कारण तिथून तो कमी दिसायचा. पुढच्या वर्षी एक स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून दोन दिवस यायला लागल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मुलाला काही शिकवलंच नाही, वर्गात मागे बसून नुसतं लिहीत होत्या, कितीला काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं. चार दिवसांत दिसलं की तो नेहमी तास बदलताना बिघडतो. मग आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचं वेळापत्रक चित्रांनी लावलं, तास संपायच्या पाच मिनिटं आधी मी एक पिवळं कार्ड दाखवायचे. त्या कार्डाचा उपयोग अख्ख्या वर्गाला झाला, दप्तर आवरायला वेळ मिळाला, गोंधळ कमी झाला. यात पैसा लागला नाही, एक जाणकार माणूस लागला. तोच बहुतेक शाळांमध्ये नसतो आणि पालक म्हणून भांडायचं तर त्यासाठी भांडा असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दोन_टोकं

फळाखडू ताई, छान लिहिलंत पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. चौथीपर्यंत ती नेहमीच्या शाळेत होती, पाचवीला आम्ही तिला विशेष शाळेत घातलं. तेव्हा मला सगळ्यात जास्त बोलणी खावी लागली ती समावेशक शिक्षणाच्या बाजूने असलेल्या लोकांची. तुम्ही हार मानलीत, तुम्ही तिला वेगळं काढलंत. पहिली दोन वर्षं ती आनंदाने जायची. तिसरीपासून बाकीच्या मुलांचा अभ्यास पुढे गेला, हिला तोच कागद रंगवायला. शॅडो टीचर होती, आम्हीच ठेवलेली, ती दिवसभर हिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची, त्यामुळे झालं काय की बाईंना वाटायचं हिची जबाबदारी शॅडोची आणि मुलांना वाटायचं तिथे एक मोठं माणूस बसलंय, तिकडे कशाला जायचं. नंतर वाचलं की १९९७ मध्येच अमेरिकेत यावर लिहिलं गेलंय, मदतनीस मुलाला फार चिकटून राहिला की मूल वर्गापासून आणि मित्रांपासून तुटतं. आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर तिला दूर बसायला सांगितलं असतं.

आणि अभ्यासांचंच बोलायचं तर दुसऱ्या बाजूचाही सांगायला हवा. २०२२ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दलचे अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात सरासरी काढल्यावर समावेशक वर्गाचा ना ठळक फायदा दिसला ना तोटा. काही मुलांना मानवतं, काहींना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकायचा हक्क दिलाय. पसंतीने हा शब्द महत्त्वाचा आहे. माझी मुलगी आज तिच्या शाळेत खूश आहे, आणि हेही खरं की तिला तिच्या जुन्या वर्गातल्या एका मुलीची अजून आठवण येते, तिचं नाव घेऊन विचारते. मी दोन्ही बाजूला उभा आहे. एकाच गोष्टीची चीड येते, आम्ही ठरवून गेलो तर ती निवड, पण २९ सह्यांनी पाठवलं तर ती निवड नाही.

काजव्याची_आई

शेवटच्या वाक्याला +१००. शाळा बदलावी की नाही हे आम्ही रात्र रात्र जागून ठरवत असतो, तेवढं तरी आमच्याकडे राहू द्या.

हातवारे

एक मुद्दा राहतोय म्हणून थोडक्यात. मुलगा कर्णबधिर आहे. त्याच्यासाठी मूकबधिर शाळा म्हणजे भाषा आहे. नेहमीच्या शाळेत तो एकटाच खुणांची भाषा बोलणारा, म्हणजे दिवसभर कोणाशी काही बोलणंच नाही, सगळ्यांच्या मधोमध बसून एकटा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात समावेशक शिक्षणाचं २४ वं कलम आहे, त्याच कलमात खुणांची भाषा शिकायला मिळणं आणि कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख जपणंही आहे. तेव्हा सगळ्या मुलांना एकच उत्तर लावू नका एवढंच.

सरळरेघ

फळाखडू, दोन_टोकं, तुमचं वाचलं, परत परत वाचलं. घंटेसारखं काहीतरी आमच्याही वर्गात असणार, तिन्ही वेळा तो रांगेत उभं असतानाच चावला होता हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही नाही. माझी भीती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. पण मी शाळेला लिहिलं होतं ते त्या मुलाला काढा म्हणून. मदतनीस आणा असं लिहायचं मला सुचलंच नाही.

चाकं_आणि_मी

सगळे पालक बोलतायत म्हणून मी लिहितो, मी ते मूल आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), आता वय ३४, पूर्ण शिक्षण नेहमीच्या शाळेत. पालकांना काय वाटतं हा धाग्याचा विषय आहे आणि मुलांना ते बरोबर कळत असतं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरून त्यांना दोन प्रकारचे निरोप यायचे. काहींना सांगितलेलं, त्याच्यापासून लांब बस. काहींना सांगितलेलं, त्याला मदत कर, पुण्य लागेल. पहिल्यांचा त्रास होतोच, पण दुसऱ्यांचा जास्त दिवस राहिला. कारण मी त्यांचं काम झालो. माझं दप्तर उचलायची पाळी लावलेली होती, आठवड्याचे वार वाटून. शनिवारचा मुलगा शनिवारी माझ्याशी बोलायचा, सोमवारी ओळख नाही.

एक जण होता जो माझ्याशी भांडायचा. मी बुद्धिबळात चाल परत घेतली म्हणून त्याने पट उधळून दिला होता, आणि त्याच्या आईने त्याला रागावलं नाही, आम्हा दोघांना सोंगट्या गोळा करायला लावल्या. मला खाली वाकायला वेळ लागतो, ती थांबली होती तेवढा वेळ. मी चाळिशीकडे निघालोय आणि मला ती बाई अजून आठवते.

शाळेतलं माझं सगळं छान होतं असं नाही. लेखनिक मिळायचा पण तो परीक्षेच्या दिवशीच भेटायचा, आदल्या दिवशी एकदा भेट घडवून आणा म्हणून बाबा तीन वर्षं सांगत होते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला त्या वर्षी मी मधल्या सुट्टीत खाली यायचं सोडलं. हजेरीत मी रोज होतो. ऊनसावली, तुमच्या मुलीने जे बघितलं, की हा ओरडतो तर का ओरडतो, तेवढं बघणारं एक जरी माणूस वर्गात असलं तर फार फरक पडतो, आणि ते तिला कोणी शिकवलेलं नाही. तिला उगाच "छान गं, मदत कर हं त्याला" असं सांगून ते बिघडवू नका ही विनंती.

ऊनसावली

तसं सांगणारच होते. नाही सांगत.

पारवा

चाकं, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट, कारण पालकांच्या सह्यांनी उलटंही घडलंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यात शाळांना मुभा होती की पहिलीच्या वेळी ज्या मुलाचं मानसिक वय पाच वर्षं भरत नाही त्याला घेऊ नका. १९७१ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांची संघटना राज्याच्या विरोधात कोर्टात गेली आणि तडजोडीच्या हुकुमाने राज्याला या मुलांना शिक्षण द्यावं लागलं. त्यानंतर १९७५ चा देशव्यापी कायदा आला. त्या कायद्यातच लिहिलंय की देशातल्या निम्म्याहून जास्त अपंग मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. आज आपण आयईपी आयईपी म्हणतो, मुलासाठी वेगळा लेखी आराखडा आणि तो ठरवताना पालक टेबलावर, ते तिथूनच आलं. कोर्टात गेलेले लोक कोणी मोठे नव्हते, आईबाप होते. मला वाटतं आपण अर्ज करायला घाबरत नाही, फक्त कशासाठी करायचा ते जरा बघायला हवं.

फळाखडू

ऊनसावली, सोमवार होऊन गेला. काय झालं ते जमलं तर लिहा.

ऊनसावली

उशीर झाला, माफ करा, दोन आठवडे फार धावपळीचे गेले.

रविवारी मैत्रिणीला फोन करून सांगितलं की मी सही मागे घेतेय. ती चिडली, म्हणाली तुझ्या मुलीला लागलं असतं तर बोलली असतीस का असं. मला उत्तर देता आलं नाही कारण बहुतेक नसते बोलले. चार दिवस बोलणं बंद होतं. अर्ज सोमवारी गेलाच, २९ च्या २४ राहिल्या, मला न विचारताच अजून चौघांनी काढून घेतल्या होत्या.

त्या मुलाच्या आईचा नंबर ग्रुपवर नव्हताच, बाईंकडून घेतला. फोनवर आधी सहीचं सांगितलं, मग घंटेचं. ती सहीबद्दल काही बोलली नाही. घंटेचं ऐकून म्हणाली, "खिडकीतून बाहेर बघायला आवडतं म्हणून मीच बाईंना सांगून त्याला तिथे बसवलं होतं." आणि मग फोनवरच रडली, मला काय करावं कळेना, मी नुसती धरून बसले.

शाळेने बैठक घेतली. सरळरेघ, तुमचं शेवटचं वाक्य मी तिथे जसंच्या तसं वापरलं. दुसरा अर्ज केलाय, स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून निदान दोन दिवस आणि तासाच्या आधी सूचना, चौदा सह्या झाल्या. मैत्रिणीने या अर्जावरही सही केली आणि पहिल्यावरचीही काढलेली नाही, म्हणाली मला दोन्ही हवंय, आधी माझ्या मुलाची भीती जाऊ दे. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं माहीत नाही.

त्याची जागा भिंतीकडच्या रांगेत केलीय. काल घंटा झाली तेव्हा तो ओरडला, पण बेंचखाली गेला नाही, मुलीने घरी आल्या आल्या सांगितलं. आज परत गेला होता म्हणे खाली. शाळेने एज्युकेटरचं अजून काही कळवलेलं नाही. गुरुवारी पुन्हा जाणार आहोत, त्याची आईपण येतेय. फळाखडू ताई, ते पिवळं कार्ड केवढं होतं आणि तुम्ही ते कुठून दाखवायचात, तेवढं सविस्तर लिहाल का?